चेहरा त्याचा, आवाज दुसऱ्याचा

म्युनिकचं मुख्य स्टेशन, फलाट क्रमांक ११. सप्टेंबर १९७३. गाडी थांबते आणि डब्यातले पुरुष उठतात. दोन-दोन, तीन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेली माणसं आहेत ही. शर्टांना घामाचा आणि सिगरेटचा वास येतोय, दोरीनं करकचून बांधलेल्या सुटकेसा खांद्यावर चढतायत. इस्तंबूलहून, अथेन्सहून, बेलग्रेडहून मजूर घेऊन येणाऱ्या गाड्या याच फलाटाला लागतात. दुभाषा हात करतो, रांग जिन्यानं खाली उतरते, तिच्यामागून तुम्हीही उतरता. खाली युद्धाच्या काळात बॉम्बपासून वाचायला बांधलेलं तळघर आहे. भिंती जाड, उजेड दिव्यांचा. १९६०पासून या तळघरात परदेशी मजुरांची मोजदाद होते, त्यांना खाऊ-पिऊ घातलं जातं आणि पुढच्या गाड्यांत बसवून दिलं जातं. कुणी कोलोनला, कुणी स्टुटगार्टला, कुणी इथंच. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या तुर्की माणसाचे दात इस्तंबूलच्या जर्मन कचेरीतच तपासून झालेत. लघवी तपासली, छाती तपासली, हातांची ताकद बघितली. पश्चिम जर्मनीत आज असे सुमारे २६ लाख कामगार आहेत. त्यांना ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार म्हणतात. इटलीशी १९५५ साली करार झाला, तुर्कस्तानशी १९६१ साली, मोरोक्कोशी १९६३ साली.

स्टेशनाबाहेर येता आणि पहिल्या शंभर पावलांत तुम्हाला एक गोष्ट जाणवते. लोक तुमच्याकडे बघतात. कुणी काही बोलत नाही, कुणी अडवत नाही, फक्त नजर थोडी जास्त वेळ टिकते. तुम्ही पुण्याचे की नागपूरचे याच्याशी इथं कुणाला देणंघेणं नाही. काळे केस, गव्हाळ कातडी, म्हणजे तुर्क किंवा अरब, एवढं त्यांना पुरे आहे. तुमच्या आजच्या ओळखीतलं कुणी म्युनिकला संगणकाच्या नोकरीवर असेल, पण ती ओळख इथं सांगून उपयोग नाही. बरोबर एक वर्षापूर्वी, सप्टेंबर १९७२मध्ये, याच शहरात ऑलिम्पिकच्या वेळी पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं आणि त्यात अकरा इस्रायली मारले गेले. त्यानंतर अनेक अरबांना देशाबाहेर काढलं गेलं, पॅलेस्टिनी संघटनांवर बंदी आली. आणि अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, जुलैच्या अखेरीस, ‘डेर श्पीगेल’नं लेखाच्या मथळ्यात छापलं होतं की तुर्क येताहेत, ज्याला जमेल त्यानं जीव वाचवावा. देशातलं एक प्रतिष्ठित साप्ताहिक हे लिहितं, तर ट्राममध्ये समोर बसलेल्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली याचं नवल नाही.

तुम्ही इथं आलात ते एका सिनेमाचं चित्रीकरण बघायला. दिग्दर्शक राइनर वर्नर फासबिंडर अठ्ठावीस वर्षांचा आहे. ‘मार्था’ आणि ‘एफी ब्रीस्ट’ या दोन मोठ्या कामांच्या मधल्या फटीत, पंधरा दिवसांत, त्याला हा सिनेमा उरकायचाय. सिनेमाचं नाव ‘आंग्स्ट एसन झेले आउफ’. जगात तो ‘अली: फिअर ईट्स द सोल’ म्हणून ओळखला जाईल. नावातलं क्रियापद व्याकरणाला धरून नाही, कारण ते वाक्य अलीचं आहे, आणि अलीला जर्मन तेवढंच येतं. गोष्ट एका ओळीत मावते. साठीची एक विधवा सफाई कामगार, एमी, तिच्याहून वीसेक वर्षांनी तरुण असलेल्या मोरोक्कन मेकॅनिकशी, अलीशी, लग्न करते.

बारमध्ये शिरा. छायालेखक युर्गेन युर्गेस यांच्या कॅमेऱ्यामागं उभं राहायला जागा आहे. कॅमेरा काउंटरच्या बाजूला आहे आणि दार पार पलीकडच्या टोकाला. बाहेर पाऊस पडतोय, ज्यूकबॉक्सवर अरबी गाणं लागलंय. दार उघडून एमी आत येते, आणि इतक्या अंतरावरून ती एवढीशी दिसते. काउंटरपाशी अरब कामगार, बारची मालकीण, दोन-तीन बायका. सगळे जागच्या जागी थांबतात आणि तिच्याकडे बघतात. ते मुळीच हलत नाहीत. कुणी पेला खाली ठेवत नाही, कुणी कुजबुजत नाही. नट अवघडलेत असं आधी वाटतं, मग कळतं की दिग्दर्शकानं त्यांना असंच गोठवून ठेवलंय. स्टेशनाबाहेर तुम्ही अंगावर झेललेली नजर त्यानं पडद्यासाठी स्वच्छ, उघडी करून ठेवलीय. आणि पहिल्याच दृश्यात तिची दिशा उलटी आहे: इथं परकी आहे ती जर्मन बाई.

एमी कोला मागवते. बारमधली एक मुलगी अलीला डिवचते, जा, त्या म्हातारीबरोबर नाच. तो जातो, आदबीनं विचारतो, आणि दोघं तांबड्या उजेडात नाचतात. नाचताना बोलतातही. तो सांगतो ते सारं मोडक्या जर्मनमध्ये आहे: जर्मन माणूस मालक, अरब माणूस कुत्रा. सहा जण एका खोलीत राहतात. काम खूप, दारू खूप. हे तो तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं म्हणतो. एमी त्याला घरी नेते, कॉफी देते, पाऊस थांबत नाही म्हणून मुलाच्या खोलीत झोपायला सांगते. नाव विचारते. तेव्हा तो सांगतो की अली हे लोकांनी ठेवलेलं नाव आहे. खरं नाव एल हेदी बेन सालेम म्बारेक मोहम्मद मुस्तफा.

हे नाव कथेतल्या पात्रासाठी बनवलेलं नाही. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचंच ते नाव आहे. एल हेदी बेन सालेम मोरोक्कोत जन्मला, बायको-मुलं मागं ठेवून युरोपात आला, आणि या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फासबिंडरला भेटला. सध्या दोघं जोडीदार आहेत. सेटवर सर्वांना ते ठाऊक आहे आणि कुणी लपवत नाही. म्हणून न्हाणीघरातल्या दृश्याच्या वेळी तुम्ही जरा वेगळ्या नजरेनं उभे राहा. अली उघड्या अंगानं आंघोळ करतोय, आरशात त्याचा देह दिसतोय, एमी दारातून बघतेय आणि तो सुंदर आहे असं म्हणतेय. एमी बघतेय, पण तिच्या मागून आणखी कुणीतरी प्रेमानं, लोभानं बघतंय. सिनेमात अरब देह इतक्या मायेनं दाखवणं ही १९७३ साली साधी गोष्ट नव्हती. तरी देह दिसला म्हणजे माणूस दिसला असं होत नाही, हेही त्याच आरशात दिसतं.

पुढचे दिवस भराभर जातात. जिन्यातल्या शेजारणी जाळीच्या आड उभ्या राहून एमीवर तोंडसुख घेतात. एमीचं आडनाव कुरोव्स्की; तिचा पहिला नवरा पोलंडहून आलेला कामगार होता. त्यामुळे ती खरी जर्मन नाहीच, असं त्यांचं ठरून गेलंय. वाणी अलीला माल देत नाही, म्हणतो आधी नीट जर्मन शिक. एमी मुलांना बोलावून लग्नाची बातमी देते तर मुलगा उठून टीव्हीच्या काचेत लाथ घालतो. फासबिंडर हा दिग्दर्शक डग्लस सर्कचा निस्सीम चाहता आहे, आणि ही लाथ सर्कच्या ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ला उद्देशून आहे. त्या अमेरिकन सिनेमात विधवेनं माळ्याशी लग्न करू नये म्हणून मुलं तिला टीव्ही भेट देतात. हॉलिवूडच्या सुखवस्तू उपनगरातलं दुःख फासबिंडरनं सफाई कामगाराच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. मला त्याची ही हिंमत फार मोठी वाटते. मोठ्या भावना म्हणजे मोठ्या घरांची मालमत्ता, हे त्यानं मानलं नाही.

लग्नानंतरचं जेवण मात्र सावकाश बघा. एमी अलीला एका इटालियन हॉटेलात नेते, कारण हिटलर १९२९ ते १९३३ तिथं जेवायचा आणि तिला तिथं एकदा तरी जायचं होतं. ती हे कुठल्याही कडवटपणाशिवाय सांगते. तिचे वडील नाझी पक्षात होते, तीही होती, तेव्हा जवळजवळ सगळेच होते, असं ती आधीच बोलून गेलीय. परक्या माणसावर जीव लावणारी आणि हिटलरच्या हॉटेलाचं अप्रूप वाटणारी बाई ही एकच बाई आहे, आणि फासबिंडर तिचे दोन तुकडे करत नाही. ती भूमिका करणाऱ्या ब्रिगिटे मीरा यांचा जन्म १९१०चा, वडील रशियातून आलेले ज्यू पियानोवादक. नाझी राजवटीत त्यांनी आपलं मूळ दडवून ठेवलं आणि त्याच राजवटीच्या प्रचारपटांतही काम केलं: ‘लीझे उंट मीझे’ या छोट्या चित्रफितींत लीझे ही आदर्श नागरिक आणि मीझे ही वाईट वळणाची, आणि मीझे होत्या मीरा. आता त्या वेटरसमोर बसून मेन्यूतल्या पदार्थांची नावं उच्चारताना चाचपडताहेत. त्या चेहऱ्यावर जो संकोच दिसतो तो सगळाच संहितेत लिहिलेला असेल असं मला वाटत नाही.

मग पिवळ्या खुर्च्यांचं दृश्य. उघड्यावरचं कॉफीगृह, झाडांखाली रिकाम्या पिवळ्या खुर्च्यांच्या रांगा, मधोमध एमी आणि अली दोघंच. लांबवर वेटर आणि इतर माणसं ओळीनं उभी राहून बघताहेत. ऑर्डर घ्यायला कुणी पुढं येत नाही. एमी रडू लागते, ओरडते, बघा, बघत बसा. अली तिचे केस कुरवाळतो. तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला आहात, म्हणजे त्या बघणाऱ्यांच्याच बाजूला. तिथून हलायला जागा नाही.

दोघं सुट्टीवर जातात आणि परत आल्यावर सगळे गोड झालेले असतात. शेजारणीला सामान ठेवायला तळघरातली जागा हवीय. वाण्याला गिऱ्हाईक गमवायचं नाहीय. फुटलेल्या टीव्हीचे पैसे मुलगा चेकनं पाठवतो, कारण त्याला लहान मूल सांभाळायला आई हवीय. अली कुणाच्याच मनात बदलला नाही, फक्त उपयोगी पडू लागला. साध्यासुध्या भल्या सिनेमानं इथं टाळ्या घेतल्या असत्या. फासबिंडर उलट आत शिरतो. एमी कामावरच्या मैत्रिणींना घरी बोलावते आणि अलीचे दंड चाचपायला लावते. बायका त्याच्याभोवती फिरतात, कातडी मऊ आहे म्हणतात. अली खोलीतून निघून जातो तेव्हा एमी म्हणते, त्यांच्या स्वभावात असतं ते. त्याला कुसकुस खावंसं वाटतं तर ती म्हणते मला करता येत नाही आणि आवडतही नाही, आता जर्मनीची सवय करून घे. तो बारच्या मालकिणीकडे जातो. ती कुसकुस करते.

आणि जिना. लग्नाची बातमी कळल्यावर सहकारी बायकांनी एमीला वाळीत टाकलं होतं, तेव्हा डबा खाताना ती जिन्यावर एकटी बसली होती आणि कॅमेऱ्यानं तिला कठड्याच्या गजांआडून पाहिलं होतं. आता त्याच जिन्यावर हर्झेगोविनाहून आलेली नवी कामगार, योलांडा, गजांआड एकटी बसलीय. बाकीच्या एकत्र बसून पगारवाढीचं बोलताहेत, योलांडाला वगळून. त्यांच्यात एमी आहे. चौकट तीच आहे, कोन तोच आहे. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं कळतंच, हा आपला लाडका समज फासबिंडर एका चौकटीत मोडून काढतो. विविधतेबद्दल आज जे सिनेमे निघतात त्यांत इतकी निर्भय जागा मला क्वचित सापडते. अलीलाही तो देव करत नाही. एमी गॅरेजमध्ये त्याला भेटायला येते, सोबती विचारतात की ही तुझी मोरोक्कोची आजी का, आणि अली त्यांच्या हसण्यात हसतो.

शेवटी पुन्हा तोच बार, तोच नाच, आणि नाचता नाचता अली पोट धरून कोसळतो. इस्पितळात डॉक्टर सांगतात, अल्सर फुटलाय. परदेशी कामगारांत नेहमीचंच आहे हे, सहा महिन्यांत पुन्हा येईल. एमी म्हणते, मी येऊ देणार नाही.

चित्रीकरण संपलं. आता अंधाऱ्या ध्वनिमुद्रण खोलीत चला. पडद्यावर अलीचा चेहरा आहे. तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतोय. माइकसमोर उभा आहे वोल्फगांग हेस, जर्मन प्रेक्षकांना नट बड स्पेन्सरचा जर्मन आवाज म्हणून परिचित असलेला कलावंत. तो अलीच्या ओठांकडे बघतो आणि अलीची वाक्यं म्हणतो, मोडकी जर्मन, चुकलेली क्रियापदं, सगळं मोजून-मापून. तयार सिनेमात अली बोलेल तेव्हा हा आवाज ऐकू येईल. बेन सालेमचा येणार नाही.

त्या काळच्या युरोपात हे नवल नव्हतं. इटलीत तर नामांकित नटांचेही आवाज दुसरे देत. तरी या सिनेमाबाबत मला ते टोचतं आणि टोचतच राहतं. दीड तासभर एक सिनेमा आपल्याला दाखवतो की या माणसाकडे सगळे बघतात आणि त्याचं कुणी ऐकत नाही. वाणी ऐकत नाही, वेटर ऐकत नाही, अखेर बायकोही ऐकत नाही. आणि तोच सिनेमा त्या माणसाचा चेहरा ठेवून आवाज बदलतो. अलीच्या तोंडची तुटकी जर्मन, जी परकेपणाची खूण म्हणून आपल्या मनात रुतते, ती एका जर्मन कलावंतानं उच्चारलेली आहे. सबटायटल्स वाचत सिनेमा बघणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे कळायला मार्गच नाही. आपण त्या आवाजाला अलीचा मानून हळहळतो. इथून मागं वळून बघितलं की बाकीच्या उणिवाही दिसू लागतात. बारमधल्या इतर अरबांच्या वाट्याला दोन-चार वाक्यं आली आहेत. मोरोक्कोची एकही बाई पडद्यावर नाही. स्टेशनाच्या तळघरात ज्यांच्यासोबत तुम्ही उभे होता ते तुर्क या गोष्टीत आलेच नाहीत. सिनेमा थोर आहे यानं हे झाकलं जात नाही, आणि हे सांगितल्यानं सिनेमा लहान होत नाही. दोन्ही मनात धरून तो पाहावा लागतो.

खोलीबाहेर या, तोवर काळ पुढं सरकलाय. ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध झालं, तेल महागलं. २३ नोव्हेंबर १९७३ला पश्चिम जर्मनीनं परदेशी कामगारांची भरती बंद केली. दोनच दिवसांनी, रविवारी, तेल वाचवण्यासाठी मोटारींना बंदी होती आणि माणसं मोकळ्या महामार्गांवर पायी फिरली. मे १९७४मध्ये कानच्या महोत्सवात सिनेमा दाखवला गेला. समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पारितोषिक आणि एक्युमेनिकल ज्युरीचं पारितोषिक मिळालं. मीरांना त्याच वर्षी जर्मन चित्रपट पुरस्कार मिळाला. फासबिंडर जगाचा झाला.

बेन सालेम मात्र त्या वर्तुळातून बाहेर पडला. जोडी तुटली, हाणामाऱ्या झाल्या, तो फ्रान्सला गेला आणि १९७७ साली नीमच्या तुरुंगात वारला. फासबिंडरला बातमी फार उशिरा कळली. १९८२ साली, ‘केरेल’ या आपल्या शेवटच्या सिनेमाच्या आरंभी, त्यानं बेन सालेमशी असलेल्या मैत्रीला अर्पणपत्रिका लिहिली, संपूर्ण नावानिशी, जे नाव एमीच्या घरात अलीनं सांगितलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये तो स्वतः गेला, सदतिसाव्या वर्षी.

तुमच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम २०११. व्हियोला शफीक या इजिप्शियन-जर्मन चित्रकर्तीनं बेन सालेमवर माहितीपट केलाय, इंग्रजी नाव ‘माय नेम इज नॉट अली’. ती फासबिंडरच्या सोबत्यांना भेटते आणि त्यांच्या आठवणींतला बेन सालेम गोळा करते: देखणा, गूढ, पिऊन बेभान होणारा. मग ती बेन सालेमच्या घरच्यांपर्यंत जाते. तिथं त्याची मुलं आहेत, नातलग आहेत. त्यांतल्या दोन मुलांना लहानपणी जर्मनीत आणलं गेलं होतं आणि तिथं त्यांची फरफट झाली, हेही समोर येतं. त्यांना त्याच्याविषयी वेगळं आठवतं, वेगळं दुखतं. म्युनिकच्या लोकांनी सांगितलेला माणूस आणि घरच्यांनी सांगितलेला माणूस जुळत नाहीत, आणि शफीक ते ओढूनताणून जुळवत नाही. अलीचा सिनेमा पाहिलेल्या प्रत्येकानं त्यानंतर हा माहितीपट पाहावा असं मला कळकळीनं वाटतं. पहिल्यात नसलेली माणसं यात समोर बसून बोलतात, आणि स्वतःच्या आवाजात बोलतात.